सातवाहनांनंतर कोण राहत होते?



थेट पाचखेडला जाऊ. बाभुळगाव तालुक्यातल्या या गावच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ च्या हंगामात उत्खनन केले. वस्तीचे थर साडेआठ मीटरांहून जाड निघाले. तळाशी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे लोहयुग: गोल घर, चुनखडीची जमीन, चूल, लोखंडी वस्तू, मणी. त्यावर सातवाहन, त्यावर मध्ययुग आणि माथ्यावर निजामाच्या काळातली टेहळणीची जागा. वर्तमानपत्रांनी ‘तीन हजार वर्षे’ एवढेच मथळ्यात घेतले. माझी नजर अडकली ती मधल्या सांध्यावर. सातवाहन तिसऱ्या शतकात संपले. त्यांच्यानंतर वाकाटक, राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य आणि यादव आले. ही जवळजवळ हजार वर्षे ‘मध्ययुग’ या एका चिठ्ठीखाली कशी मावायची? त्या काळात पाचखेडला चूल पेटत होती की नव्हती?

आपल्याकडे याचे एक ठरलेले उत्तर आहे. रोमशी व्यापार होता तोवर महाराष्ट्रातली गावे भरभराटीला आली, ‘पेरिप्लस’च्या लेखकाने पैठण आणि तगर म्हणजे तेर यांची नावे नोंदवली, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती येऊन पोचली. मग रोम डळमळले, माल थांबला आणि नगरे ओस पडली. रामशरण शर्मा यांनी १९८७ मध्ये नगरांच्या ऱ्हासावर ग्रंथ लिहून हे म्हणणे भारतभर मांडले. त्यात तथ्य आहेच. पण त्याचा आधार बराचसा उत्खननातल्या रिकाम्या जागांवर आहे, आणि रिकाम्या जागेला साक्षीदार करताना उलटतपासणी घ्यायला हवी.

ती घ्यायला नेवाशासारखे ठिकाण नाही. १९५४ ते ५६ या काळात हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खोदले. त्यांच्या कालक्रमात पाचवा कालखंड ‘इंडो-रोमन’, तो इसवी सन २०० च्या सुमारास संपतो. सहावा थेट चौदाव्या शतकाच्या आसपास सुरू होतो. मधली हजारावर वर्षे टेकाड मुके आहे. आणि याच नेवाशात, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली! ऐकायला माणसे होती, लिहून घेणारा सच्चिदानंदबाबा होता. टेकाड ओस पडले असेल. गाव शेजारी नांदत होते. खणलेल्या चौकोनात जे सापडले नाही ते गावातच नव्हते, असे म्हणण्याची घाई आपण किती ठिकाणी केली आहे, कोण जाणे.

दुसरी गोष्ट खापरांची. सातवाहन थर ओळखू येतो कारण त्यात नाणी असतात, चकचकीत लाल भांडी असतात, परदेशी कुंभांचे तुकडे असतात. नंतरची साधी लाल-काळी खापरे पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदलत नाहीत. नाणी तर वाकाटकांची दुर्मीळच. म्हणजे माणसे गेली नसतील, त्यांची ओळखखूण गेली असेल. रॉबर्टा टॉम्बर यांनी पश्चिम भारतातली रोमन मद्यकुंभांची म्हणून ठेवलेली खापरे पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच मेसोपोटेमियातल्या लांबोड्या कुंभांची निघाली. हे कुंभ सासानी आणि त्यानंतरच्या इस्लामी काळातही वापरात होते. रोमबरोबर संपलेला म्हणून ज्याचा शोक केला, त्या व्यापारातला काही भाग दुसऱ्याच बंदरांतून चालू होता.

विदर्भाला तर शोक करण्याचे कारणच कमी. नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, राज्य चालवणाऱ्या वाकाटक राणीची. अचलपूरजवळच्या चम्मकच्या ताम्रपटात वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव हजार ब्राह्मणांना दिले: राजमापाने आठ हजार भूमी. नावे मात्र एकोणपन्नासच कोरली आहेत. उरलेल्यांची यादी तांब्यावर मावली नसावी. दानाला अटीही आहेत. राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्या गावांशी भांडायचे नाही. ओस पडलेल्या मुलखात असल्या अटी कोण घालतो? नदी, शेती आणि शेजाऱ्यांच्या कुरबुरींनी भरलेला हा प्रदेश आहे. फक्त त्याला परदेशी कुंभ लागत नव्हते.

मग थर गेले कुठे? माझा संशय आपल्या गढ्यांवर आहे. वऱ्हाडात जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, गढी उभी राहिली की तिच्या भिंतींना माती तिथलीच, टेकाडाचा माथा खरवडून. माथ्यावरचा थर म्हणजे शेवटच्या रहिवाशांचा थर, तोच आधी जातो. पुढे घरे लिंपायला आणि शेतात टाकायला लोकांनी उरलेली पांढरी माती नेली. आज जेसीबी तेच काम एका दुपारी उरकते. वाकाटक-यादवांची खापरे कदाचित आपल्या गढ्यांच्या भिंतींत उभी आहेत, फक्त आपण खाली खणतो, भिंतीकडे पाहत नाही.

म्हणून या व्यासपीठावरून विद्यापीठांकडे माझे मागणे असे. पाचखेडसारख्या ठिकाणी तळाचा कोळसा जसा कालमापनाला पाठवतो, तसा सातवाहन थराच्या वरचाही पाठवावा. मधल्या मातीला चाळणी लावावी, ती पाण्यात घालून धान्याचे जळके दाणे वेगळे काढावेत, आणि बिनरंगी खापरे मोजल्याशिवाय फेकू नयेत. आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांना विनंती: पावसाने गढीची भिंत ढासळली की मुलांना घेऊन जा, पडलेल्या मातीत खापर दिसेल. ते उचलण्याआधी कुठल्या भिंतीतून, किती उंचीवरून पडले ते वहीत लिहून ठेवा आणि मग पुरातत्त्व विभागाला कळवा.