केशहानी आणि मनाचे स्वास्थ्य

(मालवण किनारपट्टीवरील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिमग्याच्या सुमारास मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजारात सुरंगीचे वळेसर विकावयास येतात. पहाटे झाडावर चढून कळ्या उमलण्यापूर्वी काढावयाच्या, त्या ओवून वेळेत बाजारात पोचवावयाच्या, असा हा कष्टाचा व्यवसाय आहे. यातील काही वळेसर देवाला वाहिले जातात आणि पुष्कळसे स्त्रियांच्या केसांत माळले जातात. सुरंगीचा हंगाम ओसरला तरी आबोली असतेच. ज्या प्रदेशात स्त्रीच्या केसांभोवती फुलांचा एवढा व्यवहार चालतो, तेथे आजारपणात केस गमावून बसलेल्या स्त्रीच्या मनाची अवस्था काय होत असेल, याचा विचार आरोग्यविषयक व्याख्यानांत क्वचितच होतो. तेथे तेल, आहार व औषध यांविषयी बोलले जाते. मनाविषयी बोलण्यास मात्र सवड नसते.

प्रथम शरीराची बाजू थोडक्यात पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि त्यांपैकी ५० ते १०० केस दररोज गळणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. मोठा ताप, विषमज्वर, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कोविडसारखा आजार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणावर गळू लागतात व बहुधा आपोआप परत येतात. रक्तक्षय व थायरॉइड ग्रंथीचे विकार हीदेखील नेहमीची कारणे होत. काहींना चाई पडते, म्हणजे डोक्यावर नाण्याएवढी गुळगुळीत जागा रिकामी होते. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटल्याने हे घडते आणि ते संसर्गजन्य मुळीच नाही. लहान मुलांच्या डोक्यातील नायटा मात्र संसर्गजन्य असतो, परंतु पोटात घ्यावयाच्या औषधाने तो बरा होतो. पुरुषांचे टक्कल बहुतांशी आनुवंशिक असते. खाऱ्या वाऱ्याने केस जातात, ही किनाऱ्यावरची समजूत जुनी आहे. खारे पाणी व ऊन यांमुळे केस राठ होऊन तुटतात हे खरे, परंतु मुळाला त्यांच्यापासून इजा होत नाही.

आता मनाकडे वळू. दात पडला किंवा चष्मा लागला तर माणूस एवढा खचत नाही, मग केस गेल्यानेच का खचावा? याचे उत्तर व्यक्तीच्या स्वभावापेक्षा समाजाच्या नजरेत अधिक सापडते. आपल्याकडे मुंडण केलेल्या डोक्याचे अर्थ पूर्वापार ठरलेले आहेत. पुरुषाने डोके भादरलेले दिसले की भेटणारा आवाज खाली आणून ‘घरात कोण गेले?’ असे विचारतो. चाईमुळे केस काढून टाकलेल्या कॉलेजातील मुलाला दिवसातून चार वेळा हाच प्रश्न ऐकावा लागतो आणि चारही वेळा आपल्या आजाराची कैफियत द्यावी लागते.

स्त्रीच्या बाबतीत हा अर्थ याहून कठोर होता. ब्राह्मण व अन्य काही जातींत पती निवर्तल्यावर स्त्रीचे केशवपन करण्याची रूढी होती. केस काढलेली, आलवण नेसलेली विधवा मंगल कार्यात वर्ज्य मानली जाई. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतील यमूच्या वाट्याला हेच दुःख आले. या रूढीविरुद्ध लिहिणारे पुष्कळ होते, परंतु १८९० साली मुंबईत जे घडले ते विशेष उल्लेखनीय आहे. ‘दीनबंधू’चे संपादक व कामगार चळवळीचे अग्रणी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तेथील नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार त्यांनी केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. हे शंभरावर व्याख्यानांच्या तोडीचे काम होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

ती रूढी गेली, परंतु त्या नजरेचा अंश शिल्लक राहिला आहे. शुभकार्याच्या घरी केस नसलेली स्त्री आली की एखाद्या वृद्धेच्या चेहऱ्यावर क्षणभर जी छाया येते, तिचे मूळ येथे आहे. त्या वृद्धेचा हेतू वाईट नसतो. परंतु जिच्याकडे पाहिले जाते तिला ती छाया बरोबर दिसते.

ही नजर एका गावावर पडली म्हणजे काय होते, याचे अलीकडील उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटू लागली, नंतर केस मुठीमुठीने हातात येऊ लागले आणि काही दिवसांतच टक्कल पडले. पाण्याचे व त्वचेचे नमुने घेण्यात आले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील उपचारांच्या संशोधनामुळे ख्यातनाम झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तेथे जाऊन पाहणी केली. १८ गावांतील २७९ जणांना ही बाधा झाल्याचे सांगण्यात आले. रुग्णांच्या रक्तात व केसांत सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण पुष्कळ वाढलेले आढळल्याचे डॉ. बावस्कर यांनी नमूद केले आणि बाहेरून आलेल्या गव्हाकडे बोट दाखविले.

कारणाचा हा शोध लागावयास काही आठवडे जावे लागले. लाज मात्र पहिल्याच दिवशी गावात येऊन बसली होती. ‘टक्कल व्हायरस’ असे नाव वृत्तांतून पसरले. कोणताही विषाणू सिद्ध झालेला नसताना त्या एका शब्दाने शेजारच्या गावांना दूर राहण्यास निमित्त मिळाले. बाधितांत कॉलेजातील विद्यार्थी व तरुण मुली यांचा भरणा होता. त्यांच्या शिक्षणात खंड पडला, काहींची ठरलेली लग्ने मोडली. उरलेसुरले केस लोकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून अनेकांनी स्वतःहून मुंडण करून घेतले. पुढे अनेकांच्या डोक्यावर केस पुन्हा येऊ लागले, परंतु मोडलेले लग्न तसे परत येत नाही.

अशा प्रसंगी पंचायतीचे काम प्रयोगशाळेचे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला तात्काळ कळविणे, पाणी व धान्य यांचे नमुने जपून ठेवणे आणि ग्रामसभा बोलावून जेवढे ठाऊक आहे तेवढेच स्पष्ट सांगणे, हे मात्र तिला करता येते. बाधितांची नावे फलकावर अथवा मोबाइलच्या गटावर जाहीर होऊ न देणे हे त्याहूनही अगत्याचे आहे. ग्रामसभेच्या शब्दाला अशा बाबतीत वजन असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. स्त्रीच्या रूपावरून तिचे स्थान ठरवू नये, हे एका गावाने कागदावर लिहून दाखविले.

सिंधुदुर्गात साथीपेक्षा एकट्याने सोसावयाची केशहानी अधिक आढळते आणि त्यातही कर्करोगाच्या रुग्णांची. येथील रुग्ण उपचारांसाठी गोव्यात बांबोळीला जातात किंवा कोकण रेल्वेने मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात. काही औषधांच्या पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर, फणीत, न्हाणीघराच्या मोरीत दिसू लागतात. रोगाचे निदान धैर्याने ऐकलेली स्त्री या वेळी मोडून पडते आणि घरातील माणसांना त्याचे आश्चर्य वाटते. ‘जीव वाचतोय, केसांचे काय घेऊन बसलीस?’ असे तिला सुनावले जाते. सांत्वनाच्या हेतूने उच्चारलेले हे वाक्य तिला एकटे पाडते.

तिच्या दुःखात सौंदर्याचा हव्यास शोधणे अन्यायाचे होईल. पोटातील गाठ, रक्तातील दोष हे झाकून ठेवता येतात. कोणाला सांगावे, कोणाला सांगू नये, हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाकडे असतो. केस गेले की तो अधिकार हातून जातो. कुडाळ किंवा कणकवली स्थानकावर उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत तिचा आजार सर्वांच्या मालकीचा होतो. जो तो विचारतो, जो तो उपाय सांगतो. पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेणारी स्त्री लाजत असते असे नव्हे. आपली खाजगी गोष्ट ती आपल्यापाशी राखू पाहत असते.

म्हणून घरच्यांनी निर्णय तिच्याकडे सोपवावेत. उपचार सुरू होण्यापूर्वीच केस आखूड करून घेतल्यास गळतीचा धक्का पुष्कळांना कमी बसतो, परंतु तसे करावे की नाही हे तिनेच ठरवावे. आरसा काढून ठेवणे बरे नव्हे. रडू आल्यास रडू द्यावे. लहान मुले घरात असतील तर आईचे केस औषधामुळे जाणार आहेत, हे त्यांना आधीच सांगावे, नाहीतर ती घाबरतात. औषधे थांबल्यावर काही महिन्यांत केस परत येऊ लागतात. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने ते वाढतात, त्यामुळे खांद्यापर्यंत पोचावयास दोन वर्षे वा अधिक काळ लागू शकतो. कधीकधी नवे केस पूर्वीपेक्षा कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येतात, याचीही कल्पना असावी.

केसांचा टोप वापरण्यास अनेकजणी संकोचतात, आपण लोकांना फसवीत आहोत असे त्यांना वाटते. दशावतार पाहणाऱ्या मुलखात तरी असे वाटावयास नको. येथे स्त्रीपार्टी नट गंगावन बांधून द्रौपदी म्हणून उभा राहतो आणि त्याच्या दुःखाने प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. त्याचे केस कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. टोप नको असेल तर रुमाल आहे, स्कार्फ आहे, आणि काहीच नको असेल तर तोही तिचा हक्क आहे.

तरुण पुरुषांचे दुःख हसण्यावारी नेले जाते. पंचविशीत टक्कल पडू लागलेल्या मुलाला मित्र टोपणनाव देतात, तो स्वतःही त्या हसण्यात सामील होतो आणि लग्नासाठी जुना फोटो शोधू लागतो. या फोटोमुळे पुढे दोन्ही घरांत कटुता येते, म्हणून आजचाच फोटो द्यावा, हे वडीलधाऱ्यांनी समजावून सांगितलेले बरे.

अशा मुलांनाच जाहिरातदार गाठतात. टकलाचा समावेश औषध नियम, १९४५ च्या ‘जे’ अनुसूचीत आहे. तीत नमूद केलेले विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. आठवड्याच्या बाजारात हमखास केस उगविणारे तेल विकले जात असेल, तर त्याची माहिती अन्न व औषध प्रशासनाला देणे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याचेही काम आहे.

शाळेत चाई पडलेले मूल असेल तर त्यास वर्गात टोपी घालण्याची मुभा मुख्याध्यापकांनी द्यावी. गणवेशाचा नियम येथे आड येऊ नये. हा आजार लागत नाही, हे वर्गास एकदाच, साध्या शब्दांत सांगावे. मात्र त्यापूर्वी त्या मुलाला व पालकांना विचारावे, कारण काहींना त्याचा उच्चारही नको असतो. मूल सारखे गैरहजर राहू लागले, सहलीस किंवा छायाचित्रास नकार देऊ लागले, तर ते हट्टीपणाचे लक्षण समजू नये. झोप उडणे, खाणे तुटणे, जगणे नकोसे झाल्याची भाषा येणे, असे काही दिसल्यास १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य व मराठीतून सल्ला मिळतो.

शेवटी गावातील नाभिक बांधवांविषयी. डोक्याच्या मागील बाजूस पडलेली चाई स्वतः रुग्णाला दिसत नाही. ती प्रथम त्यांच्या नजरेस येते. ती पाहून ते दुकानात सर्वांदेखत मोठ्याने बोलतात की हळूच कानात सांगून आरोग्य केंद्राकडे पाठवितात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बैठकीस आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर त्यांनाही बोलवावे, चाई व नायटा यांतील फरक त्यांना समजावून द्यावा, आणि ज्या रुग्णांना दुकानात येणे अवघड वाटते त्यांच्या घरी जाऊन केस कापण्याची विनंती पंचायतीने त्यांना करावी.