बाणाच्या अलीकडे, बाणाच्या पलीकडे

खेड्यापाड्यांतली मुले पुण्यास येऊन औंधच्या आय.टी.आय.त वेल्डिंग शिकतात. हात लवकर बसतो. अडते ते ड्रॉइंगपाशी.

दोन जाड पट्ट्या नुसत्या भिडवून वरून वेल्ड ओढला, तर जोड वरवरचा होतो. पोटात फट राहते आणि तुळईवर भार आला की तिथूनच तडा जातो. म्हणून कडा तासून खाच करावयाची व ती तळापासून भरावयाची.

ही खाच कशी, ते आडव्या रेघेवरची खूण सांगते. ‘व्ही’सारखी खूण म्हणजे दोन्ही कडा तासा. एक उभी रेघ नि एक तिरपी, म्हणजे एकच कड. कोणती? बाण मोडका असेल, तर तो ज्या पट्टीकडे वळला तिची. खुणेच्या पोटातला आकडा दोन पट्ट्यांमधली फट. 60° लिहिले असेल तर तो खाचेचा कोन.

खरी मेख पुढे आहे. अमेरिकी पद्धतीत खूण रेघेखाली असली तर वेल्ड बाणाच्या बाजूने, वर असली तर पलीकडून. दुसऱ्या एका पद्धतीत जोडीला तुटक रेघ असते, आणि पलीकडची खूण त्या तुटक रेघेवर बसते. तेव्हा ड्रॉइंग कोणत्या मानकाचे, हे आधी कोपऱ्यात पाहा. आपले भारतीय मानक 813 हे याच खुणांचे. ते 1986 साली सुधारले गेले.

शिक्षक बंधूंनी पुठ्ठ्याचे दोन तुकडे तिरपे कापावेत, मुलांपुढे जुळवावेत आणि खूण त्यांनाच फळ्यावर काढू द्यावी.