कायदा मोडण्याची किंमत



स्नेहमेळाव्यात बोलायला उभं केलं की माणसं आठवणी सांगतात. आयोजकांनी माझ्या हाती मात्र प्रश्न दिला : कायदा मोडणं नैतिकदृष्ट्या कधी योग्य ठरू शकतं का? शाळेत नागरिकशास्त्राला गुण मोजके, म्हणून ते आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचो. आता तोच पेपर पुन्हा समोर आला आहे आणि या वेळी ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ म्हणून सुटका नाही.

माझं उत्तर ‘हो, ठरू शकतं’ असं आहे. पण त्या ‘हो’ला अटी आहेत.

पहिलं उदाहरण सगळ्यांच्या माहितीचं. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण मिठाचा कायदा मोडणार असल्याचं आधीच कळवलं. ६ एप्रिलला दांडीला तो मोडला. पुढच्या महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्यालाही सत्याग्रह झाला. मिठागरं म्हणजे काय ते वसईकरांना सांगायला नको. समुद्र दाराशी असताना मिठावर कर, आणि तो बसवताना इथल्या माणसाला कुणी विचारलेलं नाही. सत्याग्रहींनी कायदा दिवसाढवळ्या मोडला, स्वतःच्या नावानं मोडला, लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगात गेले. पळवाट कुणी शोधली नाही.

दुसरं उदाहरण महाडचं. चवदार तळ्यावर पाणी भरण्याचा हक्क अस्पृश्यांना होता. १९२३चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचाही ठराव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा मोडली ती रूढी, कायदा नव्हे. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो माणसं जमलेली होती. तरीही बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला आणि लढाई न्यायालयात नेली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात ती जिंकली. जवळजवळ दहा वर्षं लागली. ज्याच्याकडे कायदा मोडायला सर्वांत सबळ कारण होतं, त्या माणसानं आधी कायद्याची वाट शेवटपर्यंत चालून पाहिली. माझ्या ‘हो’ची पहिली अट हीच आहे.

तिसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, तरी आपल्याला ते शाळेत शिकवलं गेलं नाही. १९४५च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी इथं वारली आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. यापुढे जमीनदाराची वेठबिगार करायची नाही, असं तिथं ठरलं. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० तारखेला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. सभांवर बंदी आली, परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढलं गेलं. आता गंमत बघा. एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणं हा गुन्हा आहे, असं भारतीय दंड संहितेत १८६० पासून लिहिलेलं होतं. म्हणजे कायदा पिढ्यान् पिढ्या जमीनदार मोडत होते आणि कायदा मोडणारे म्हणून नाव मात्र वारल्यांचं लागलं. तेव्हा ‘कायदा मोडला’ अशी ओरड ऐकू आली की आधी विचारावं, कोणी मोडला?

आता मी घराजवळ येते. आपल्याकडे नियम मोडणाऱ्या प्रत्येकाला गांधीजी आठवतात. रिक्षा उलट्या बाजूनं घालणारा म्हणतो, ‘सगळेच घालतात.’ चाळीवर मजला चढवणारा म्हणतो, ‘गरिबानं राहायचं कुठं?’ हा दुसरा प्रश्न खोटा नाही. मुंबईत घर परवडलं नाही म्हणूनच तर अर्धा नालासोपारा, विरार वसलं.

पण २०२५ या एकाच वर्षात आपण काय पाहिलं? वर्षाच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या आदेशानं नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ पैकी उरलेल्या इमारती पाडल्या गेल्या. ती जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. कुटुंबं सामान घेऊन रस्त्यावर उभी होती. ऑगस्टच्या अखेरीस विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग रात्री कोसळला आणि १७ माणसं गेली. महापालिकेनं ती इमारत अनधिकृत असल्याचं सांगितलं.

मला कसोटी सापडते ती इथं. शिरोड्याला ज्यानं कायदा मोडला, त्यानंच लाठी खाल्ली. इथं कायदा मोडला एकानं, पैसे नेले त्यानंच, आणि किंमत मोजली ती आत झोपलेल्या लेकराबाळांनी. तिथं सगळं आधी पत्र लिहून, इथं सगळं खोट्या शिक्क्याआड. माझ्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्येही, अडचणीच्या वेळी एखादी तपासणी ओलांडावी लागते. पण कुणी ओलांडली आणि का, याची नोंद तिथल्या तिथे होते. नोंद पुसून जो ओलांडतो, त्याला आम्ही क्रांतिकारक म्हणत नाही.

तर माझ्या अटी अशा : आधी सरळ वाट चालून झालेली असावी, मोडणं उघडपणे असावं, लाभ एकट्याचा नसावा, आणि किंमत मोडणाऱ्यानं स्वतः मोजावी. या चारींतून पार पडलेला माणूस कायद्याचा शत्रू नसतो. कायदा न्यायाचा असावा, एवढाच त्याचा हट्ट असतो.

आज या मंडपात आपल्यापैकी कुणी बांधकाम व्यवसायात आहे, कुणी वकील आहे, कुणी सरकारी नोकरीत आहे, आणि बऱ्याच जणांनी गुंतवणूक म्हणून इथंच फ्लॅट घेतले आहेत. ‘आपल्याकडे चालतं’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पुढच्या वेळी एखाद्या कागदावर सही करताना किंवा मित्रासाठी ‘जरा बघून घे’ असा फोन करताना, एवढंच विचारा : हे चुकलं तर किंमत कोण मोजणार? उत्तरात आपलं स्वतःचं नाव येत नसेल, तर सही करू नका. मित्र रागावला तर त्याला माझा नंबर द्या, मी बोलते त्याच्याशी.