नव्याने आलेल्यांची शाळा
(हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेचा हीरक महोत्सव म्हटला की जुने वर्ग, जुने गुरुजन आणि जुन्या खोड्या यांची उजळणी होते. ती व्हायलाच हवी. परंतु उपनगरातल्या मराठी शाळेकडे केवळ आठवणींच्या अंगाने पाहिले, तर ती मुळात कोणासाठी निघाली होती, हा प्रश्न मागे पडतो. वर्गातली बाके रिकामी होऊ लागलेल्या या काळात नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. त्यासाठी मुंबईच्या उपनगरातील एका शाळेची कथा पाहणे उचित ठरेल. ती शाळा म्हणजे पार्ले टिळक विद्यालय. शहरांच्या कडेला वाढलेल्या अनेक मराठी शाळांची ती थोरली बहीण म्हणता येईल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीत राहण्याचे भय लोकांच्या मनात बसले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात घरभाडी इतकी भडकली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. कचेऱ्यांत काम करणारा, पगारावर संसार चालवणारा मध्यमवर्ग तेव्हा रेल्वेच्या रुळांबरोबर साष्टीकडे सरकू लागला. भातखाचरे, वाड्या, ताडामाडांची झाडे आणि विहिरी यांच्या मधोमध नवी बिऱ्हाडे थाटली गेली. १९२० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पार्ल्यातील नागरिकांनी त्यांच्या नावाने शाळा काढली. १९२३ मध्ये तेथे लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि उपनगरांचा विस्तार अधिक वेगाने झाला. पार्ले बृहन्मुंबईत सामील झाले ते मात्र १९५० मध्ये. म्हणजे शहराची हद्द तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी शाळेची घंटा वाजू लागली होती.

या क्रमात मोठा अर्थ आहे. शाळा काढणारे बहुतेक लोक त्या जागी नवखे होते. कोणी कोकणातून आलेला, कोणी देशावरून, कोणी गिरगावातल्या चाळीतून. त्यांची ग्रामदैवते, जत्रा आणि भाऊबंद गावी राहिले होते. शाळा, वाचनालय आणि सभागृह यांच्या आधारे त्यांनी नव्या जागी आपले गाव उभे केले. या शाळेत शिकलेल्या पु. ल. देशपांडे यांचे बालपणही जोगेश्वरीत सुरू झाले आणि मग ते कुटुंब पार्ल्याला राहायला आले. पुढे ज्यांच्या नावाने पार्ले ओळखले जाऊ लागले, तेही असे बाहेरून आलेलेच होते. हैदराबादेत विवेकवर्धिनी किंवा दिल्लीत नूतन मराठी या शाळा उभ्या राहिल्या, त्यांमागेही दूरदेशी आलेल्या माणसांची हीच ओढ होती.

अशा शाळेतले विद्यार्थिजीवन साधे, परंतु भरगच्च असे. जागा अपुरी, म्हणून सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशने. सकाळच्या मुलाने बाकाच्या कप्प्यात विसरलेली पट्टी दुपारच्या मुलाला सापडायची आणि बहुधा परतही मिळायची. फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार आणि पटावरील संख्या लिहिलेली असे. मुले-मुली एकाच वर्गात, पण वेगळ्या रांगांत बसत. मधल्या सुट्टीत डबे उघडले की पोळीचा लाडू, साखरांबा आणि सुक्या बटाट्याची भाजी यांची देवाणघेवाण चाले. ज्याने डबा आणलेला नसे, त्याच्याकडे कोणी न पाहता दोन घास सरकवण्याचे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि राज्यातल्या मुलांच्या दप्तरात तिची पुस्तके आली. मात्र वर्ष संपले की ती पुस्तके अर्ध्या किमतीत खालच्या वर्गातल्या मुलाकडे जायची, ही रीत त्याहून जुनी. नव्या मालकाला पुस्तकाबरोबर समासात लिहिलेले अर्थही मिळत.

अभ्यासाच्या जोडीला शिष्यवृत्तीचे वर्ग, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, हिंदी आणि संस्कृतच्या बाह्यपरीक्षा, हस्तलिखिताचा अंक, वक्तृत्व, आणि डिसेंबर-जानेवारीतले स्नेहसंमेलन. संमेलनातल्या नाटकाचे पडदे कोणाच्या तरी आईच्या लुगड्यांचे असत आणि राजाची तलवार पुठ्ठ्याची. एरवी गणितात मागे पडणारा मुलगा त्या एका संध्याकाळी सर्व शाळेला ठाऊक होई. अनेकांना स्वतःची ओळख तिथेच प्रथम पटली.

या चित्राला दुसरीही बाजू होती. फी थकली म्हणून वर्गात उभे राहावे लागलेली मुले या शाळांनी पाहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांची घरे त्यात होरपळली. अनेक मुलांच्या शिक्षणाची घडी तेव्हा विस्कटली. अशा वेळी गरीब विद्यार्थी साहाय्यक निधीच्या छोट्याशा पेटीने आणि संध्याकाळी विनामूल्य जादा तास घेणाऱ्या शिक्षकांनी कितीतरी मुलांना शालान्त परीक्षेपर्यंत नेले. त्यांची नावे कोणत्याही गुणवत्ता यादीत आली नाहीत. तरीही शाळेची खरी कमाई मोजायची झाली, तर ती तेथूनच मोजावी लागेल.

माध्यमाचा प्रश्नही इतिहासाच्या प्रकाशात पाहणे बरे. टिळक-आगरकर-चिपळूणकरांच्या पिढीने १८८० साली पुण्यात काढलेल्या शाळेचे नाव न्यू इंग्लिश स्कूल असे होते. त्या काळी माध्यमिक शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होत असे आणि मातृभाषा हळूहळू, प्रयत्नपूर्वक वर्गात आली. म्हणजे मराठीतून विज्ञान आणि गणित शिकणे ही आयती मिळालेली गोष्ट नव्हती. ती कमावलेली गोष्ट होती. पुढे वारे फिरले. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय आला, सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले, आणि पार्ल्याच्या त्या जुन्या संस्थेने इंग्रजी माध्यमाची शाळाही चालवली. काळाची गरज ओळखण्यात काही गैर नाही. परंतु मराठी शाळेत शिकून मोठी झालेली पिढी आपल्या मुलांना आणि नातवंडांना दुसऱ्या दाराने आत नेऊ लागली, हे सत्य हीरक महोत्सवाच्या मांडवातही बोलले पाहिजे.

त्याचा परिणाम कसा होतो, हे पालकांना ठाऊक असावे. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. पट घसरला की पद कमी होते आणि अनुभवी शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, पण ती शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांसाठी. म्हणजे मुले कमी झाली की प्रथम चित्रकलेचा तास, गाण्याचा तास, मैदान धोक्यात येते. माजी विद्यार्थी ज्या स्नेहसंमेलनाच्या आठवणींनी आज गहिवरतात, तेच आजच्या मुलाच्या वाट्याला येईनासे होते.

आणि आजचे मूल कोण आहे? त्याची आई चार घरची कामे करते, वडील रिक्षा चालवतात किंवा बांधकामावर जातात. घरात शिकणारे ते पहिलेच. काही मुलांची घरची बोलीही मराठी नाही. काही जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडून नकळत उद्गार निघतो की शाळा पूर्वीसारखी राहिली नाही. शंभर वर्षांपूर्वी भातखाचरांच्या कडेला बिऱ्हाड थाटणारा कारकून आणि आज वस्तीत खोली घेणारा मजूर यांच्या परिस्थितीत अंतर पुष्कळ आहे. परंतु अनोळखी जागी आपल्या मुलाला पाय रोवता यावेत म्हणून दोघेही शाळेच्या दाराशी येतात. त्या अर्थाने शाळा बदललेली नाही. नव्याने आलेल्यांसाठीच ती निघाली होती आणि नव्याने आलेल्यांसाठीच ती आजही उघडी आहे.

संस्थापकांच्या पिढीने स्वतःच्या मुलांसाठी शाळा उभी केली, हे सोपे होते. दुसऱ्यांच्या मुलांसाठी ती चालू ठेवणे हे आजच्या पिढीपुढचे अवघड काम आहे. महोत्सवानिमित्त भिंतींना रंग लागतो, नवे संगणक येतात, देणगीदारांच्या नावांचा फलक लागतो, आणि त्याबद्दल शाळा कृतज्ञच असते. परंतु चित्रकलेच्या शिक्षकाचे वर्षभराचे मानधन, शनिवारी एका तासाचे वाचन, दहावीच्या दोन मुलांना गणिताची सोबत, अर्ध्या किमतीऐवजी विनामूल्य मिळालेला पुस्तकांचा संच, यांचा फलक लावता येत नसला तरी शाळा जगते ती त्यावर. ज्यांना शक्य असेल त्यांनी आपले मूलही निःशंक मनाने या पटावर घालावे. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी निदान पटावरच्या एका मुलाचे नाव लक्षात ठेवावे.

फळ्याच्या कोपऱ्यात पटसंख्या लिहिण्याची जुनी पद्धत होती. ती संख्या रोज सकाळी पुसून पुन्हा लिहिली जाई. हीरक महोत्सवाच्या या वर्षात माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्या कोपऱ्याकडे एकदा पाहावे, एवढीच विनंती.