पाच मिनिटं म्हणून उघडलेला खेळ



आज बचत, कर्ज, हप्ता यांवर काही बोलायचं नाही, असं ठरवून आम्ही आलो होतो. पण बोलता बोलता हप्ता येणारच आहे. आजचा विषय मोबाईलवरचे खेळ. पोरांचे नाही हो, आपले. हसू नका. मागच्या महिन्यात एका गटात आम्ही विचारलं, "मोबाईलवर कोण कोण खेळतं?" एकही हात वर झाला नाही. मग आम्हीच आमचे हात वर केले, तेव्हा कुठे सात हात वर आले.

आम्ही चौघी गटांचं काम पाहतो. सकाळी नागपूरहून उमरेड-भिवापूरकडची बस धरायची, दिवसाला दोन-तीन बैठका, हिशेबवह्या, बँकेतली रांग आणि घरी गेलं की पुन्हा चूल. खेळायला वेळ कुठला? पण बसमधला तास असतो आणि रात्री भांडी आवरल्यावरची दहा मिनिटं असतात.

सुरुवात झाली लुडो किंगपासून. हा खेळ मुंबईकडच्याच एका कंपनीने २०१६ मध्ये आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. यात आवडलेली गोष्ट अशी, की एकाच मोबाईलवर चौघींना खेळता येतं. तेव्हा नेटही लागत नाही. जाहिराती मात्र मधे मधे डोकं खातात. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई आधी पडद्याला बोट लावायला कचरत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, हा तर आपला अष्टाचंगाच!" ओसरीवर कोळशाने चौकोन आखून, चिंचोके फोडून त्या खेळलेल्या. आता कोणती सोंगटी आधी मारायची ते त्याच आम्हाला शिकवतात.

दुसरा खेळ कँडी क्रश. तो २०१२ पासून आहे, पण आमच्या हाती उशिरा लागला. रंगीत गोळ्या तीन-तीन जुळवायच्या. दिवसभराचा शीण उतरतो, हे खरं. पण त्याची चाल ओळखा. खेळात पाच जीव मिळतात. हरलो की एक जीव जातो आणि तो परत यायला अर्धा तास लागतो. लगेच हवा असेल तर पैसे मोजा. म्हणजे आपण भाजी फोडणीला घातली तरी मन त्या अर्ध्या तासाकडे. या नादात आमच्यातल्या एकीने एका ताईंचे १,५०० रुपये दुसरीच्या खात्यावर लिहिले. तीन दिवस बेरीज जुळेना. शेवटी बैठकीत सगळ्यांसमोर चूक कबूल केली. तेव्हापासून हिशेबवही उघडी असताना मोबाईल पिशवीत, हा आमचा नियम आहे.

तिसरा खेळ दिवाळीत भाच्याच्या संगणकावर पाहिला. त्याचं नाव 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीने तो २०२० मध्ये आणला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला पळवतात आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला सोडवायला निघते. आम्हाला उड्या जमल्या नाहीत, चारदा खाली पडलो. पण नायिका म्हणून साडेतीन हाताची आपल्यासारखी पोरगी पाहिली आणि उठवेना.

आता हप्त्याची गोष्ट. एका गटातली ताई सलग दोन बैठकांना आली नाही. आम्हाला वाटलं, घरात आजारपण असेल. घरी गेलो, तर ती रडायलाच लागली. मोबाईलवर पैसे लावून पत्त्यांचा खेळ होता. पहिल्या दिवशी ती ३०० रुपये जिंकली. मग गेले, ते परत मिळवायला आणखी लावले. हप्त्याचे म्हणून बाजूला ठेवलेले २,४०० रुपये गेले आणि ती कानातले गहाण टाकायला निघाली होती. आम्ही विचारलं, "आधी का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "घरी कळलं तर मोबाईल काढून घेतील. माझ्या लोणच्याच्या ऑर्डरी त्यावरच येतात."

मैत्रिणींनो, हे वाक्य आम्हाला फार लागलं. पानठेल्यावर दुपारभर पत्ते कुटणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. बाईने खेळ उघडला की मोबाईलच नको. म्हणून ती लपवते आणि लपवलं की नुकसान वाढतं. गटाने तिला बोल लावला नाही. महिन्याला ३०० प्रमाणे आठ महिन्यांत तिने सगळी रक्कम फेडली. कानातले तिच्या कानातच आहेत.

ही गोष्ट कायदा होण्याआधीची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला. त्यानुसार पैसे लावून ऑनलाइन खेळ खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, फसलेल्या खेळणाऱ्याला नाही. म्हणून घाबरून गप्प बसू नका. अजूनही "खेळा आणि जिंका" म्हणून लिंक येतात, त्या उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे मिळणं कठीण.

आमच्या गटांनी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, ज्या खेळात पैसे लावायला सांगतात तो खेळ नाही, जुगार आहे. दोन, ज्या मोबाईलवर बँकेचं खातं जोडलेलं आहे, त्याचा पिन पोरांनाही सांगायचा नाही. तीन, खेळायचं तर उघड खेळायचं, वेळ ठरवून.

दिवसभर मिरचीचे देठ खुडून, कापूस वेचून आलेल्या बाईने दहा मिनिटं सोंगट्या फिरवल्या, तर त्यात लाज कसली? ती दहा मिनिटं तिची आहेत. फक्त अकरावं मिनिट कोणाचं, हे तिनेच ठरवावं.

पुढच्या बैठकीत तुम्हीही विचारा, कोण कोण खेळतं म्हणून. आणि आधी स्वतःचा हात वर करा.