अपयशालाही न्याय हवा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीच्या या मंगल प्रसंगी ‘दिवाळे’ हा शब्द उच्चारणे कोणाला अशुभ वाटेल. तरीही मी तोच विषय निवडला आहे. नादारीचा कायदा हा माझा व्यवसाय आहे, आणि या विषयाची पहिली ओळख मला भिलाईतच झाली.

१९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून आपला पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीच्या उजेडात आपली वसाहत वाढली आणि आसपास लहानलहान कारखानेही उभे राहिले. माझ्या एका वर्गमित्राच्या वडिलांचा असाच दोन लेथचा कारखाना होता. एका मोठ्या खाजगी गिऱ्हाइकाने माल उचलला आणि पैसे थकवले. पाठोपाठ बँकेचे हप्ते तुंबले, लेथ विकाव्या लागल्या. काकांनी कोणालाही फसवले नव्हते. तरी त्या वर्षापासून गणेशोत्सवाच्या मंडपात ते पुन्हा दिसले नाहीत. पैसा गेल्याचे दुःख त्यांनी सोसले, पण मान गेल्याचे दुःख त्यांना सोसले नाही.

आपल्या समाजात कर्ज बुडणे आणि कर्ज बुडविणे यांत फारसा भेद केला जात नाही. कायद्याने मात्र तो करावा लागतो. याची जाणीव महाराष्ट्राला फार पूर्वी झाली होती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची पद्धत त्याने बंद केली आणि शेतकऱ्याच्या नादारीचीही तरतूद केली. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. ऋणकोला चिरडून धनकोचे भले होत नाही, हा धडा आपण तेव्हाच गिरवला होता.

उद्योगांच्या बाबतीत सर्वंकष कायदा येण्यास मात्र २०१६ साल उजाडले. नादारी व दिवाळखोरी संहितेने प्रथमच कालमर्यादा घातली: आधी १८० दिवस, गरज पडल्यास आणखी ९० आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयीन वेळ धरून ३३० दिवस. या काळात कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून काढून नादारी व्यावसायिकाकडे सोपविला जातो. त्याचे पहिले कर्तव्य कारखाना चालू ठेवण्याचे असते. प्रत्यक्षात ही मुदत अनेकदा उलटते, हेही मान्य केले पाहिजे.

आपल्याच राज्यातील उदाहरण घ्या. रायगढच्या मोनेट इस्पात कंपनीचे नाव २०१७ साली रिझर्व्ह बँकेने निवडलेल्या पहिल्या बारा मोठ्या थकबाकीदारांत होते. २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने नव्या मालकांची योजना मंजूर केली. कर्ज देणाऱ्या संस्थांना त्यांच्या दाव्यांच्या जेमतेम चौथा हिस्सा मिळाला. पण कारखाना भंगारात गेला नाही. हा सौदा योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. मात्र थंड पडलेली भट्टी पुन्हा पेटविणे किती कठीण असते, हे भिलाईकरांना सांगायला नको.

कारखाना विकून मोडीत काढावाच लागला, तर कामगारांचे मागील २४ महिन्यांचे वेतन तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने चुकते करावे लागते आणि भविष्य निर्वाह निधीला धनकोंचा हात लागत नाही. लहान पुरवठादाराची स्थिती मात्र आजही नाजूक आहे. २०२० पासून किमान एक कोटीची थकबाकी असल्याशिवाय त्याला न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येत नाही. माझ्या मित्राच्या वडिलांसारख्यांचे येणे बहुधा त्याच्या खालीच राहते. हे कोडे सुटलेले नाही, आणि ते सोडविण्यासाठी मला तरुण माणसे हवी आहेत.

म्हणूनच आज मी एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराची माहिती येथे देत आहे. नादारी क्षेत्रातील जागतिक संघटना ‘इन्सॉल इंटरनॅशनल’, तिची युरोपातील भगिनी संस्था आणि इंग्लंडमधील दोन व्यावसायिक संस्था मिळून ‘रिचर्ड टर्टन पुरस्कार’ देतात. या चारही संस्थांच्या जडणघडणीत टर्टन यांचा वाटा होता. विकसनशील व उदयोन्मुख देशांतील, ३५ वर्षांखालील, या विषयात काम वा अभ्यास करणाऱ्या व्यक्तीसाठी तो आहे. विजेत्याला युरोपातील परिषदेस उपस्थित राहण्याची संधी मिळते आणि एक शोधनिबंध लिहावा लागतो. त्या निबंधाचे मोल मला अधिक वाटते. इंग्लंड-अमेरिकेचे कायदे जगाला पाठ आहेत. दोन लेथच्या कारखानदाराची नादारी कशी असते, हे मात्र ती जवळून पाहिलेल्यांनीच लिहावे लागेल.

पालकहो, मुलांनी डॉक्टर, अभियंता व्हावे ही आपली इच्छा रास्तच आहे. पण हा मार्गही ठाऊक असू द्या. विधी, लेखापरीक्षण, कंपनी सचिव किंवा अभियांत्रिकीच्या पदवीनंतर भारतीय नादारी मंडळाने २०१९ पासून सुरू केलेला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. मराठी माध्यम हा त्यात अडसर नाही; मी स्वतः याच बाकांवर बसून गेलो आहे. इंग्रजी मला पुढे मेहनतीने शिकता आली. परंतु हिशोबाची वही नीटनेटकी ठेवण्याची आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय मला येथील गुरुजनांनी लावली, आणि रोजच्या कामात ती इंग्रजीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

शाळा आपल्याला यशस्वी कसे व्हावे हे शिकविते. प्रामाणिकपणे प्रयत्न करून हरलेल्या माणसाला पुन्हा आपल्यात कसे बसवून घ्यावे, हेही तिने शिकवावे, एवढेच माझे मागणे आहे. कायदा त्याचे कर्ज मिटवू शकेल; मंडपातील त्याची जागा मात्र आपणच राखून ठेवायची आहे.