मूकपटाचा आवाज



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून नेहमी विद्वान मंडळी बोलतात. माझे शाळेतले शिक्षण चौथीपर्यंत झाले. पुढचे जे काही वाचन झाले ते एस.टी.च्या थांब्यावर, संघटनेच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात. गेली तीस वर्षे मी आपल्या जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या मजुरांची संघटना बांधण्याचे काम करतो आहे. असा माणूस मूकपटांवर काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल. हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. तो का, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एका तरुण कार्यकर्त्याने दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा शिल्लक राहिलेला भाग मोबाइलवर लावला. माणसे किल्ली दिलेल्या खेळण्यासारखी भराभर चालत होती, हात झटकत होती आणि आवाज कसलाच नव्हता. सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता मला माझ्या आजाची आठवण झाली आणि हसू तिथेच थांबले.

आमचा आजा पंधरा-सोळा वर्षांचा असताना पौषातल्या निवृत्तिनाथांच्या जत्रेला पायी त्र्यंबकला गेला होता. तिथे तंबूत त्याने आयुष्यातला पहिला सिनेमा पाहिला. ही हकीकत मी लहानपणी वीस वेळा तरी ऐकली असेल. गंमत अशी की, तिची सुरुवात नेहमी आवाजापासून होई. "जात्यावाणी घरघर चालली होती," असे तो म्हणे. मग पेटीवाला, तबलजी, आणि पडद्याच्या कडेला हातात वेताची काठी घेऊन उभा राहिलेला एक मोठ्या गळ्याचा माणूस. थंडीचे दिवस असूनही पडद्यावर पाणी मारलेले होते, म्हणजे उजेड कापडातून पलीकडे जावा. पुढच्या बाजूला जादा पैशांची माणसे आणि मागच्या बाजूला कमी पैशांची. आजा अर्थातच मागे बसला होता. मागून सगळी अक्षरे उलटी दिसत. तो म्हणे, "आम्हाला अक्षर सरळ काय अन् उलटे काय, सारखेच की!"

नागाच्या फण्यावर नाचणारा किसनदेव त्याने त्या रात्री पाहिला. तो फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' असावा, असे मला पुढे वाचनातून वाटू लागले. आजाला नाव ठाऊक नव्हते. पण तंबूत किती गलका होता, किसनदेव दिसताच बायकांनी हात कसे जोडले, चित्र मध्येच थांबे तेव्हा तबलजी काय वाजवी, हे सारे त्याला म्हातारपणीही पाठ होते. त्याच्या तोंडून 'मुका सिनेमा' असा शब्द मी कधी ऐकला नाही. त्याच्या लेखी तो मुका नव्हताच. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे: मूकपट मुके नव्हते. त्यांना माणसे आवाज देत होती, आणि ती माणसे आपण विसरलो आहोत.

आधी ते चित्र दिसत कसे होते ते पाहू. माणसे आज पळताना दिसतात, तशी ती तेव्हा पळत नव्हती. त्या काळी कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत. दाखवणाराही हातानेच यंत्र फिरवी. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चित्रे हा वेग पक्का झाला. आता हिशेब करा. एक फूट फितीत सोळा चित्रे मावतात. म्हणजे जुन्या वेगाने सेकंदाला एक फूट फीत जाते. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. तो जुन्या वेगाने दाखवला तर एक तासाहून थोडा जास्त चालेल, आणि आजच्या वेगाने सोडला तर एकेचाळीस मिनिटांत संपेल. वीस मिनिटे कुठे गेली? तारामतीच्या चालण्यातली सावकाशी, राजाच्या चेहऱ्यावरचे दुःख, हेच त्या वीस मिनिटांत होते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे वेग वाढवण्याचा अर्थ चांगला ओळखतो. थिएटरवालेही तो ओळखून होते. रात्रीत आणखी एक खेळ बसवायचा तर यंत्र फिरवणाऱ्याला जरा घाई करायला सांगत. हे साऱ्या जगात चाले.

दुसरी गोष्ट रंगाची. तेव्हाच्या फितीला तांबडा रंग दिसत नसे. कपाळावरचे कुंकू काळे उमटे आणि निळे आभाळ पांढरे होऊन जाई. पण सगळा खेळ काळा-पांढराच असे, असेही नाही. फीत रंगाच्या पाण्यात बुडवून रात्रीचा देखावा निळा आणि आगीचा देखावा तांबडा करण्याची चाल देशोदेशी होती. चित्र पुसट असे, हाही गैरसमज आहे. नवी फीत स्वच्छ आणि चकचकीत दिसे. मुंबईच्या माणसाने ती तशी पाहिली. जत्रेच्या तंबूपर्यंत पोचेतो तीच फीत शेकडो वेळा यंत्रातून गेलेली असे, आणि ओरखड्यांचा पाऊस पडद्यावर सारखा पडत राही. फितीतही वर्ग होतेच, मंडळी!

ती फीत भडका घेणारी होती. जळत्या दिव्याच्या झोतासमोरून ती सरकवायची आणि हात थांबू द्यायचा नाही, कारण हात थांबला की चित्र पेटले. १९१८ साली सरकारने सिनेमाचा कायदा केला, त्यात परवान्याच्या अटी घातल्या गेल्या त्या चित्रांच्या तपासणीसाठी तशाच आगीच्या धाकानेही. यंत्रावरच्या त्या माणसाचे नाव जाहिरातीत येत नसे.

दादासाहेब फाळके हे आपले शेजारीच. ते १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. मोखाड्याकडून घाट चढून गेले की त्र्यंबक. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन थिएटरात लागला, आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. कारखाना हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सरस्वतीबाई फाळके दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधारात फितीला भोके पाडण्याचे, फीत धुण्याचे काम करीत. तारामती झाले ते अण्णा साळुंके उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त राम तेच आणि सीताही तेच! म्हणजे आपल्या पहिल्या चित्रपटामागे खाणावळीतले हात होते आणि घरातल्या बाईची रात्रपाळी होती.

आता आवाजाकडे येतो. आपल्याकडे १९२१ च्या शिरगणतीत शंभरात सात माणसे साक्षर निघाली. मूकपटात तर मध्ये मध्ये पाट्या येत. कधी इंग्रजी, हिंदी, गुजराती, मराठी, अशा दोन-तीन भाषा एकाच पाटीवर असत. मग उरलेल्या त्र्याण्णव जणांनी काय करायचे? त्यांच्यासाठी तो काठीवाला. शेजारचा शिकलेला मुलगा घरच्यांना पाटी वाचून दाखवी ती वेगळीच. साऱ्या थिएटरात वाचणाऱ्यांचा गुणगुणाट चाले. काठीवाला नुसता वाचत नसे. तो राक्षसाचा गडगडाट करी, यशोदेचे रडणे रडे, आणि ज्या गावात तंबू असेल त्या गावच्या बोलीत सांगे. आजा म्हणे, "किसनदेव आपल्यावाणी बोलत होता." हे वाक्य मी अलीकडे फार आठवतो.

आपल्या भागाला हे कळायला जड नव्हते, कारण आपल्याकडे बोहाडा होता आणि आहे. मोखाड्याच्या बोहाड्यात रात्री टेंभ्यांच्या उजेडात सोंगे निघतात. मुखवट्याआडचा माणूस बोलत नाही, नाचतो. संबळ आणि पिपाणी त्याच्या वतीने बोलतात. ठेका बदलला की म्हातारी माणसे सावरून बसतात. काल आपल्याबरोबर गवत कापणारा गडी आज नरसिंह झालेला आहे हे सर्वांना माहीत असते, तरी हात जोडले जातात. 'कालिया मर्दना'च्या आरंभी फाळक्यांनी नेमके हेच केले. आधी आपली सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा पडद्यावर आणला. ती हसते, रागावते, रुसते. मग तीच कृष्ण होते. बोहाडा पाहिलेल्या माणसाला यात नवल नव्हते. 'अडाणी लोकांना पडद्यावरचा देव खरा वाटला' असे काही जण लिहितात. माझ्या आजाला तो खरा माणूसही वाटला आणि देवही वाटला, आणि त्यात त्याचा काही गोंधळ झाला नाही.

पुढे १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. चार-पाच वर्षांत पडद्यापुढची पेटी, तबला, सारंगी आणि काठी उठून गेली. काही वादक स्टुडिओत गेले. बाकीच्यांचे काय झाले ते कुणी लिहून ठेवले नाही. जपानात असे निवेदक मोठ्या मानाचे होते, नटापेक्षा त्यांचे नाव मोठे लागे. तिथे १९३२ साली त्यांनी संप केला. जगप्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले भाऊ त्या संपाच्या पुढाऱ्यांत होते. संप फसला, आणि १९३३ साली त्यांनी आत्महत्या केली. अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने थिएटरांतल्या 'डबाबंद संगीता'विरुद्ध वर्तमानपत्रांतून मोठी मोहीम चालवली. तीही फसली.

बोलपट यायला नको होता, असे मी म्हणणार नाही. यंत्राला शिव्या देणारी चळवळ टिकत नाही. मजुराला त्यात लाभही झाला, त्याला पाटी वाचणाऱ्याची गरज उरली नाही. पण एक तोटा झाला, तो आपल्याकडे फार झाला. मूकपट काठीवाल्याच्या तोंडून वारली, कोकणा, कातकरी, कुठलीही बोली बोलू शकत होता. बोलपट आला तो मुंबई-कोल्हापूरची भाषा बोलत आला. आमच्या पाड्यावरची माणसे अर्धा सिनेमा पुन्हा मुक्यासारखाच पाहू लागली, आणि आता समजावून सांगणाराही कुणी नव्हता.

वाचून दाखवणाऱ्याबद्दल मी एवढे का बोलतो? मी अकरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर भट्टीवर होतो. दिवाळीआधी घेतलेली उचल आणि पावसाळ्याच्या तोंडावरचा हिशेब, हे आपल्याला नवे नाही. मुकादमाने वहीतून हिशेब वाचला. सहा महिने चार माणसे राबून वर आमच्याकडेच बाकी निघाली. वडिलांनी अंगठा दिला. मला अक्षरे लावता येत होती. वहीतला आकडा मला दिसला, तो वाचलेल्या आकड्यापेक्षा वेगळा होता. मी बोललो नाही. भीती वाटली. ते न बोलणे मला आजपर्यंत छळते, आणि माझे पुढचे सगळे वाचन त्याच भीतीतून आले.

१९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सावकारी पाश' काढला. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी मुंबईला जातो आणि गिरणीत मजूर होतो, अशी ती कथा. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांतारामांनी केले होते. मी कितीदा तरी मनात चित्र उभे करतो: थिएटर अंगठाबहाद्दरांनी भरले आहे, पडद्यावर सावकाराचा कागद आहे आणि पाटी मोठ्याने वाचली जाते आहे. तिथे वाचणाऱ्याला खोटे वाचता येत नव्हते. शेदोनशे माणसे ऐकत होती आणि त्यांतले पाच-दहा वाचू शकत होते. ओसरीवर एकट्या माणसाला वाचून दाखवलेला कागद आणि भरल्या तंबूत वाचलेली पाटी, यांत एवढाच फरक आहे. आमच्या संघटनेचे मोठे काम कोणते, असे कुणी विचारले तर मी सांगतो: आम्ही हिशेब सगळ्यांच्या देखत, मोठ्याने आणि आमच्या बोलीत वाचायला लावतो. काठीवाल्याचे काम आम्ही पुढे चालवतो.

शेवटी एक विनंती करतो. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच धड उरले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून जे जमवले, त्यात 'कालिया मर्दन' बराचसा शिल्लक आहे. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेत तो दाखवावा. त्याच्या मूळ वेगाने दाखवावा. पडद्याजवळ आपले संबळवाले आणि पिपाणीवाले बसवावेत, आणि आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलीच्या हाती काठी देऊन तिला पाट्या वारलीत सांगू द्याव्यात. जमल्यास पडदा असा बांधावा की मागेही माणसे बसतील. मी मागे बसेन.